मामा तलावाचं पाणलोट राखायचंय : टेकाड विकत घ्यावं का?

धुऱ्यावरचा (प्रश्न)

तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. गावचा मालगुजारी तलाव, म्हणजे आपला मामा तलाव. बुडीत क्षेत्र १४ हेक्टरांच्या आसपास, पाळ मातीची, तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारी ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्थेकडे. पाणलोट नकाशावर मोजलं तर साधारण १२० हेक्टर भरतं. त्यात ६० हेक्टर झुडपी जंगल, २० हेक्टर गायरान, बाकी खाजगी. खाजगीत वरच्या अंगाला सहा हेक्टरांचं मुरमाड पडीक टेकाड आणि खाली धानाच्या बांध्या.

अडचणी : टेकाडाच्या मालकाकडे मुरूमवाल्यांच्या फेऱ्या सुरू आहेत. गायरानावर नांगर चढलाय. तलावाच्या वरच्या अंगाचा गाळपेरा (पाणी ओसरल्यावर बुडीतात घेतलेलं पीक) दर वर्षी थोडा थोडा आत सरकतो. उरलेला काठ बेशरमानं (पाणकाठी माजणारं झुडूप) भरलाय. सारसाची एक जोडी पावसाळ्यात याच भागात असते.

प्रश्न तीन. एक, अमेरिकेत संस्था तलावाभोवतीची जमीन विकत घेतात, किंवा मालकाकडून 'इथे बांधकाम-खोदकाम कधीच नाही' असा कायमचा करार करून घेतात. आपल्या ट्रस्टच्या नावावर टेकाड घेता येईल का? दोन, तलाव पाणथळ म्हणून अधिसूचित करून घेतला तर सगळाच प्रश्न सुटेल का? तीन, एक कंपनी या उन्हाळ्यात सीएसआरमधून सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) आणि पोकलेननं गाळ काढायला पैसे द्यायला तयार आहे. हो म्हणावं का?

सातबारा_उतारा

क्रमानं घेतो. ट्रस्टला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. विदर्भाला वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८, आणि त्यात तेच काम कलम ८९ करतं : बिगरशेतकऱ्याला विक्री नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यातून जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल किंवा मालक आदिवासी असेल (महसूल संहिता, कलम ३६-अ) तर तो नाद सोडाच. एखाद्या शेतकरी विश्वस्ताच्या नावावर घेऊन ठेवायची पळवाट काही जण सुचवतील. ती जमीन उद्या त्याच्या वारसांची होते, ट्रस्टची नाही.

अमेरिकेतला तो कायमचा करार तिथल्या राज्यांच्या खास कायद्यांवर उभा आहे. आपल्याकडे असा कायदाच नाही. आपला सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. त्यात हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो, म्हणजे ज्याच्याकडे लाभ घेणारी जमीन नाही अशा संस्थेला तो मिळत नाही. टेकाडासाठी दुसरे मार्ग आहेत, पण ते शेवटी बघा. १२० पैकी ८० हेक्टर सरकारी आहे आणि ती जमीन कागदावर आधीच तुमच्या बाजूची आहे. सहा हेक्टरांपायी ती विसरू नका.

पहिलं काम कागद गोळा करण्याचं. पाणलोटात येणाऱ्या प्रत्येक गट नंबरचा सातबारा, गाव नमुना १ आणि त्याचे पोटनमुने : १-अ मध्ये वनजमीन, १-ब मध्ये बिनभोगवट्याची सरकारी जमीन, १-इ मध्ये अतिक्रमणं. सोबत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. हे दोन दस्त विदर्भातल्या गावांची खरी ठेव आहे. चराई, जळाऊ लाकूड, पाण्याच्या वाटा, मासेमारीचे रिवाज त्यात लिहिलेले असतात (संहितेची कलमं १६१ आणि १६५). तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे नसतील तर तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेखागारात नकलेचा अर्ज करा. अर्जात गावाचं जुनं नाव, मौजा क्रमांक आणि बंदोबस्ताचं (जुन्या जमीन-महसूल आकारणीचं) साल घाला. नाहीतर 'आढळून येत नाही' असा शेरा मिळतो आणि त्या शेऱ्यात नवल काही नाही.

मग भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे तलावाच्या आणि गायरानाच्या गटांची हद्द कायम मोजणी. अर्ज ग्रामपंचायतीनं करायचा, तलावापुरतं जिल्हा परिषदेचं पत्र जोडायचं. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली पाहिजे. एक जरी सुटला तरी मोजणीला हरकत येते आणि पुन्हा पहिल्यापासून. मोजणीनंतर 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या आणि त्याच आठवड्यात दगड गाडा. चुन्याच्या फक्कीवर सोडलेली हद्द एका पावसात जाते.

गायरानाबाबत तीन आधार धरा : सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल (गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दलचा), त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय, आणि संहितेतलं कलम २२-अ (गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंदी). अतिक्रमण काढायचे अधिकार कलम ५० आणि ५३ खाली महसूल यंत्रणेकडे आहेत, ग्रामपंचायतीनं ठराव करून त्यांच्याकडे पाठवायचा. ठरावात 'गायरानावर अतिक्रमण आहे' एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, अतिक्रमण कधीपासून, मोजणीच्या 'क' प्रतीचा क्रमांक, १-इ ची नक्कल. एवढं नसेल तर तो कागद फाईलच्या तळाशी जातो. आणि अतिक्रमण करणाऱ्यांत भूमिहीन किती, मोठे खातेदार किती, हे ग्रामसभेत आधी उघड बोला. सगळ्यांना एका दावणीला बांधलं तर गाव दुभंगतं, आणि फायदा मोठ्यांचाच होतो.

पाणथळीचं थोडक्यात. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले आहेत. मामा तलाव सिंचनाचा. अर्ज केलात तर बहुधा याच वाक्यावर परत येईल.

धुऱ्यावरचा

पण नांदूर मध्यमेश्वरही सिंचनाचाच बंधारा आहे ना? तो तर रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या) आहे.

सातबारा_उतारा

आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. पण ते १९८६ पासून अभयारण्य आहे आणि रामसर स्थळांना हे नियम वेगळ्या दारानं लागू होतात. एका गावतलावाला त्या दारानं आत नेण्यात वर्षं जातील आणि तोवर टेकाड ट्रॅक्टरमध्ये भरून गेलेलं असेल.

अस्वलवाट

झुडपी जंगलाबद्दल मी लिहिते, कारण तुमच्या पाणलोटाचा निम्मा भाग तोच आहे.

सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' आणि ताबा महसूलचा, ही नागपूर विभागाची जुनी गुंतागुंत. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच धरायचं असं स्पष्ट केलं. रेघ १२ डिसेंबर १९९६ ची : त्याआधी सक्षम अधिकाऱ्यानं केलेली वाटपं केंद्राच्या मंजुरीनं नियमित होऊ शकतात, नंतरच्यांना कडक छाननी. वाटप न झालेले, तीन हेक्टरांहून लहान आणि कुठल्याही वनाला न लागलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत. त्यामुळे तुमचे ६० हेक्टर एकसंध आहेत की पाच तुकड्यांत, हे आधी नकाशावर बघा. तुकड्यांची वाट वेगळी, एकसंध पट्ट्याची वेगळी.

वन ठरलं की वनहक्क कायदा लागू होतो, आणि गावाच्या हातात मिळणारं सगळ्यात भक्कम हत्यार तेच आहे. गोंदिया-भंडाऱ्यात अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) नाही. 'पेसा नाही म्हणजे सामूहिक वनहक्क नाही' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे, वनहक्क कायद्याला पेसाची अट नाही. कलम ३(१)(झ) खाली सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, ३(१)(घ) खाली मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उपजांचा हक्क. (मराठी प्रतींमध्ये अक्षरांचा क्रम पुढेमागे असतो. दाव्यात कलमाचा मजकूरही लिहा, नुसतं अक्षर नको.) आणि कलम ५ : लगतचं पाणलोट क्षेत्र, जलस्रोत आणि संवेदनशील भाग राखण्याचा अधिकार ग्रामसभेला. तलावाच्या पाणलोटासाठी याहून नेमकं वाक्य दुसऱ्या कायद्यात शोधून सापडणार नाही.

पद्धत अशी. ग्रामसभेत वनहक्क समिती निवडायची, १० ते १५ सदस्य, दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश महिला. गावात अनुसूचित जमातीची वस्ती नसेल तरी महिलांची अट सुटत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी महिला हव्यात. गणपूर्तीची सही-अंगठ्यांची यादी ठरावाला जोडा, फोटो पुरत नाही. दावा दोन नमुन्यांत : सामूहिक हक्कांसाठी 'ख', वनसंपत्तीच्या व्यवस्थापनासाठी 'ग'. ढिवरांची मासेमारी, मोहफूल, डिंक, चराई हे सगळं 'ख' मध्ये तपशीलवार लिहा. पुरावे किमान दोन प्रकारचे लागतात. निस्तारपत्रक एक, आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब दुसरा, एवढ्यावर दावा उभा राहतो. जुनी स्मशानभूमी, देवस्थान, पाण्याची वाट, कोळ्याची-ढिवराची घाटी, हे पाहणीत जीपीएसनं टिपा.

पाहणीला वन आणि महसूलचे लोक लेखी बोलवायचे. आले नाहीत तर पुन्हा तारीख देऊन बोलवा, आणि दोन्ही पत्रांची पोच सांभाळा. लगतच्या गावांना बोलवायला विसरू नका. शेजारच्या गावानं 'आमची गुरं तिथे चरतात' म्हटलं की उपविभागीय समिती दावा परत पाठवते, आणि ते बरोबरच असतं. हद्दीवर दोन्ही ग्रामसभांची संयुक्त सही आधीच घ्या. निर्णय विरुद्ध गेला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे.

पट्टा मिळाला म्हणजे जंगल राखलं गेलं असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांचा हक्क मिळाला, पण गावाचा अभ्यास आणि नियम त्याच्या कितीतरी आधीपासून होते. चंद्रपूरच्या पाचगावनं तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आग लावली जाते. तुमच्या पाणलोटाला आग हाच मोठा प्रश्न असणार. मोहफुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग पसरली की पालापाचोळ्याचं आवरण जातं, आणि पहिल्या वळवाला उघडी माती सरळ तलावात. उपाय साधा : मोहाखाली जाळी किंवा जुनं धोतर-साडी पसरून फुलं गोळा करणं, आणि फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत झुडपीच्या कडेनं तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळी केलेली पट्टी. पाऊस संपल्यावर लगेच काढलेली जाळरेषा पुन्हा पानांनी भरते, त्यामुळे फार लवकर काढू नका.

येवा_सांडवा

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो या उन्हाळ्याचा आहे. चर खोदायला आत्ता हो म्हणू नका. आकडे बघा.

तुमच्याकडे चांगल्या वर्षी १,३०० मिलिमीटर पाऊस धरू. एका हेक्टरवर १३,००० घनमीटर पाणी पडतं. त्यातलं २५ टक्के वाहून येतं असं ढोबळ धरलं तर हेक्टरी ३,२५० घनमीटर, १२० हेक्टरांचा येवा, म्हणजे तलावाकडे येणारं पाणी, ३ लाख ९० हजार. तलाव १४ हेक्टर, सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे साठा २ लाख १० हजार घनमीटर. (तलावावर थेट पडणारा पाऊस बाष्पीभवनात आणि पाझरात जातो असं मानून सोडून दिला आहे.) वरकरणी भरपूर दिसतं.

आता चर. ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल, म्हणजे मीटरला ०.१८ घनमीटर. दर पाच मीटरवर एक ओळ धरली तर हेक्टरी २,००० मीटर, ३६० घनमीटर. पावसाळ्यात हे चर सहा वेळा भरून रिकामे झाले तरी हेक्टरी २,१६० घनमीटर तिथेच जिरतं. झुडपी आणि गायरान मिळून ८० हेक्टरांवर हे केलं तर १ लाख ७३ हजार घनमीटर वरच अडलं. चांगल्या वर्षी उरलेल्या २ लाख १७ हजारांत तलाव कसाबसा भरेल. पण ९०० मिलिमीटरच्या वर्षी वाहून येण्याचं प्रमाणही घटून १८ टक्क्यांवर येतं. येवा १ लाख ९४ हजार, चर चारदा भरले तरी १ लाख १५ हजार तिथेच, तलावाला मिळतात ७९ हजार. चाळीस टक्केही नाही. जिरलेलं पाणी विहिरींना मिळेल, काही उशिरा नाल्यातही येईल, पण ते याच तलावात येईल याची हमी नाही. सलग चर ही अवर्षणप्रवण भागात, नागड्या डोंगरउतारावर शोभणारी गोष्ट. धानपट्ट्यात, छोट्या तलावाच्या डोक्यावर, ती हिशेबाशिवाय करू नये. शिवाय झुडपीत यंत्र घातलं तर मुळासकट झाडोरा जातो आणि पहिल्याच पावसात चराची ताजी माती खाली येते.

मग कुठे काम करायचं? जिथून माती प्रत्यक्ष निघते तिथे, आणि ती जागा बहुतेक वेळा पाणलोटाच्या अगदी लहान भागात असते. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन ओहोळांच्या काठानं वर चालत जा. पाणी कुठल्या फाट्यावर लाल होतं ते बघा. तीन-चार जागा सापडतील : बैलगाडीची उतरती वाट, गुरांची पायवाट, गायरानावरची नांगरट, आणि मुरूम काढलेली जागा असेल तर ती नक्की. गाडीवाटेवर दर १५-२० मीटरला तिरकी आडवण घालून पाणी बाजूच्या गवतात सोडा. ओहोळात अनगड दगडाचे बांध, उंची पाऊण मीटरच्या आत, मधला भाग कडेपेक्षा किमान २० सेंटीमीटर खाली. मध्यभाग सपाट ठेवला तर पाणी कडेनं फुटून नवी घळ पाडतं, हा सर्रास दिसणारा दोष. सर्वात खालचा बांध आधी बांधून वर सरकणारेही बघितले आहेत. क्रम माथ्याकडून पायथ्याकडे.

येव्याच्या तोंडाशी, पाणी तलावात पसरतं तिथे, १०-१५ मीटर रुंदीचा गवताचा पट्टा राखा. वाळा लावला तरी चालेल, पण आधीच असलेलं स्थानिक गवत नुसतं चराईबंद केलं तर दोन पावसाळ्यांत तेच दाट होतं. पैसे लागत नाहीत म्हणून हे काम प्रस्तावात कुणी लिहीत नाही.

गाळाचं. गाळ काढायला विरोध नाही, पोकलेनच्या पद्धतीला आहे. पाळीच्या पायथ्यापासून १५-२० मीटर अजिबात खोदू नका, पाळ खचते किंवा खालून पाझर सुटतो. काळी चिकण माती संपून पिवळी-मुरमाड लागली की थांबा. तो तळाचा चिकण थर फुटला तर तलाव भरेल, पण टिकणार नाही. खड्डे नकोत, काठाकडून मध्याकडे सलग उतार हवा. उभ्या कडेच्या खड्ड्यात वनस्पती रुजत नाहीत, पाणपक्ष्यांना उभं राहायला उथळ जागा उरत नाही आणि गुरं फसतात. एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त तळाला हात लावू नका. कंपनीला हे पटत नसेल तर त्यांचे पैसे मोजणी, हद्दीचे दगड आणि सांडव्याची दुरुस्ती यांना मागा.

सांडवा हा गाळपेऱ्याशी जोडलेला मुद्दा आहे. बुडीतातल्या जमिनीवर ज्यांचा नांगर चढलाय त्यांना तलाव पूर्ण भरलेला नको असतो. मग सांडव्याची उंची रात्रीतून चार-सहा इंचांनी कमी होते, किंवा तुडुम (पाळीतून पाणी सोडायचं तोंड) उघडं राहतं. १४ हेक्टरांवर १५ सेंटीमीटर म्हणजे २१,००० घनमीटर पाणी, साठ्याचा दहावा हिस्सा. तेव्हा सांडव्याचा माथा काँक्रीटनं पक्का करून त्याची पातळी जवळच्या कायम खुणेशी, शाळेचा ओटा किंवा देवळाची पायरी, लेव्हल लावून नोंदवा. त्याच पातळीनं बुडीताच्या काठानं दर ५० मीटरला दगड गाडा. पूर्ण संचय पातळीच्या आत काय आणि बाहेर काय हा वाद तिथेच मिटतो. गाळपेऱ्याचे वार्षिक परवाने दिले जात असतील तर त्यात फक्त पाणी ओसरल्यानंतरचं पीक, बांध घालायचा नाही, ही अट आहे का ते बघा.

ढिवरटोली

वर सगळं जमिनीचं झालं, पाण्यातल्या 'जंगला'चं कोणी बोललं नाही. काठ राखला आणि आत काहीच उगवत नसेल तर मासेही नाहीत, पक्षीही नाहीत.

बेशरम आधी. कापू नका, प्रत्येक तुकड्याला मूळ फुटतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरून जमीन भेगाळायच्या आधी, ओल असताना, मुळासकट उपटा. ट्रॅक्टरनं आडवी-उभी नांगरट करून मुळं वेचा. ढीग बुडीताच्या बाहेर, उन्हात, जमिनीला न टेकता काटक्यांवर सुकवा. चीक विषारी असतो, शेळ्या ढिगाजवळ नकोत. पहिल्या पावसानंतर पुन्हा फेरी, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिसरी. एका हंगामाचं बजेट देणाऱ्याला सांगा की तीन हंगामांचं द्या, नाहीतर देऊ नका.

मोकळ्या जागेत पाणवनस्पती लावायच्या. याच तालुक्यात ढिवर समाजाच्या लोकांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांनी हे काम करून दाखवलंय, आधी त्यांचे तलाव बघून या. पाण्याखाली राहणाऱ्या (हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिसनेरिया), पानं तरंगणाऱ्या (कुमुदिनीच्या जाती) आणि काठाला अर्धवट बुडणाऱ्या (देवधान, लव्हाळे-नागरमोथ्याच्या कुळातल्या) असे तिन्ही थर हवेत. रोपं जवळच्या चांगल्या तलावातूनच आणा, आणताना जलपर्णीचा तुकडा सोबत येत नाही हे हातानं तपासा. लागवड पाणी फूट-दीड फूट चढल्यावर, जुलैच्या सुमारास. मुळाला चिखलाचा गोळा बांधून सोडला की तळाला बसतो. भोवती बांबूचं कुंपण आणि जुनं जाळं पहिल्या वर्षी लागतंच.

हे सगळं एका चुकीनं वाया जातं : बोटुकली सोडताना ग्रास कार्प येणं. तो पाण्यातली हिरवळ फस्त करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग खाली उजेड पोचत नाही. रोहू, कटला, मृगळ सोडा, पण हे दोन नकोत, आणि हे मत्स्य संस्थेच्या सभेत ठरावानं लिहून घ्या. बोटुकलीचा पुरवठादार मिसळून देतो, म्हणून सोडण्याआधी टपात ओतून बघायचं. मरळ, शिंगी, मागूर यांना अंडी द्यायला वनस्पतीचा आडोसा लागतो. पहिल्या पुराला चढणीचे मासे मारणं बंद ठेवलं तर ते आपोआप वाढतात. शिंगाड्याचं पीक घेत असाल तर भुंग्यावरची फवारणी हा काठावरच्या धानापेक्षाही थेट विषप्रयोग आहे, कारण ती पाण्यावरच होते. किडकी पानं हातानं काढायला मजुरी लागते, ती धरून लिलावाची रक्कम ठरवा.

संस्थेला हे का परवडावं? ठेका कमी मुदतीचा असेल तर परवडत नाही. दोन वर्षांच्या ठेक्यात कोण तीन वर्षांचं काम करेल? म्हणून जिल्हा परिषदेकडे लांब मुदतीच्या ठेक्याची मागणी हीसुद्धा अधिवास राखण्याचीच मागणी आहे.

धुऱ्यावरचा

मोठं काम झालं. टेकाड राहिलं. मालक विकायच्या विचारात आहे, पण 'वर्षाला काहीतरी मिळत असेल तर थांबतो' म्हणतो. साध्या स्टँपवर लिहून घेतलं तर?

सातबारा_उतारा

नोटरीचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे पहिलं. दुसरं, 'भाडेपट्टा' हा शब्द वापरू नका. मालकाला कुळाची भीती वाटते आणि ती अनाठायी नाही. ताबा मालकाकडेच ठेवून व्यवस्थापन करार करा : मालक खोदकाम, झाडतोड, बिगरशेती वापर करणार नाही, गवत आणि मोहफूल त्याचंच, त्याबदल्यात वार्षिक रक्कम. मुदत दहा वर्षं, रक्कम दर वर्षी पाहणीनंतर, आगाऊ एकरकमी नाही. कोकणात संगमेश्वर भागात खाजगी जंगलासाठी असे करार झाले आहेत, शिवाय हिरडा-बेहडा न तोडता गोळा करून त्याला बाहेरची बाजारपेठ मिळवून दिली गेली. तुमच्या टेकाडावर मोह, चार (चारोळीचं झाड), बेहडा किती आहेत ते मोजा. उत्पन्न झाडातून निघालं तर दरवर्षी देणगीदार शोधावा लागत नाही.

करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद मागा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४० प्रमाणे, आधीच्या बंधनाची माहिती असूनही जो जमीन घेतो त्याच्यावर ते बंधन लागू होऊ शकतं. इतर हक्कातली नोंद हीच ती माहिती. 'होऊ शकतं' म्हणतोय, 'होईलच' नाही. सकारात्मक कामांना (झाडं लाव, बांध घाल) हे लागू नाही, फक्त न करण्याच्या अटींना. म्हणून करारात प्रथम खरेदीचा हक्क गावातल्या शेतकरी व्यक्तीला किंवा शेतकरी गटाला असंही कलम घाला. सहहिस्सेदार, बहिणी, सज्ञान मुलं, सगळ्यांच्या सह्या. एक राहिली तर करार पांगळा.

याहून पक्कं हवं असेल तर वन्यजीव कायद्याचं कलम ३६-क, समुदाय राखीव. खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर, मालकाच्या स्वेच्छेनं. अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय आणि शासनाच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. मालकी तशीच राहते. पण परत फिरणं अवघड, हे मालकाला लपवू नका. दुसरा रस्ता जैवविविधता कायद्याचं कलम ३७, वारसास्थळ. दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्ड्याचं मायरिस्टिकाचं पाणथळ वन जेमतेम अडीच-तीन हेक्टरांचं असूनही वारसास्थळ झालं, त्यामुळे क्षेत्र लहान म्हणून कुणी परतवलं तर हे उदाहरण द्या. त्यासाठी ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर नाही, चालती हवी, आणि लोकजैवविविधता नोंदवही भरलेली हवी. गावोगाव एकसारखा मजकूर छापलेली नोंदवही असेल तर ती आधी पुन्हा लिहा.

मुरमाचं : परवान्याशिवाय खोदलं तर संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. रात्री ट्रॅक्टर अडवायला जाऊ नका. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली टेप लावून, तारखेसह, तहसीलदारांकडे द्या. दंडाचा हिशेब घनमीटरवर होतो.

लाल_मान

सारसाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. राज्यात सारस मुख्यतः गोंदियात, थोडे भंडाऱ्यात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतल्यावर जिल्हा सारस संवर्धन समित्या झाल्या. घरट्याची खबर त्या समितीला आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या, समाजमाध्यमावर नाही.

घरटं तलावात कमी, धानाच्या बांधीत जास्त असतं, म्हणजे ज्या खाजगी बांध्या तुम्ही हिशेबातून सोडल्या त्याच त्याचा अधिवास. अंडी बहुधा दोन, उबवण महिनाभराच्या आसपास. या काळात बांधीचं पाणी एकदम सोडलं तर कुत्री घरट्यापर्यंत चालत जातात. मुसळधार पावसात धुरा न फोडता पाणी साचू दिलं तर अंडी बुडतात. दोन्ही टाळायला त्या एका बांधीचा मोंगा, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, ठरलेल्या उंचीवर बांधून ठेवायचा. घरट्याभोवती दहा-पंधरा मीटरात निंदण, फवारणी नको. तुडवलेल्या आणि न कापलेल्या धानाची भरपाई कापणीच्या दिवशी, वजन करून, सगळ्यांसमोर. युरिया दिल्यावर तीन-चार दिवस पाणी तलावाकडे सोडायचं नाही, हे तर सगळ्या बांध्यांना लागू.

आणि तारा. सारस संध्याकाळी बांध्यांतून तलावाच्या उथळ पाण्यात रात्र काढायला जातो, उतरताना खाली येतो आणि शेतावरून गेलेल्या लाईनला धडकतो. जोडीची रोजची वाट दोन-तीन संध्याकाळी बघून नकाशावर काढा. त्या वाटेला छेदणारे खांब क्रमांकासह वीज कंपनीच्या उपविभागाला लेखी द्या. मागणी फक्त खांबांमधल्या त्या दोन-चार गाळ्यांपुरती, आवरण असलेल्या केबलची किंवा पक्षीरोधक चकत्यांची. सगळ्या शिवाराची लाईन भूमिगत करा अशी मागणी केली तर अंदाजपत्रकच बनत नाही.